पहिला गेम जॅम : लहान खेळ, पण पूर्ण

मुलगा किंवा मुलगी शनिवार-रविवार गेम जॅमला जाणार, असे कानावर आले की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे दोन दिवस नुसते खेळत बसणार?’ आईवडिलांचा हा प्रश्न स्वाभाविक आहे. गेम म्हणजे मोबाईल आणि मोबाईल म्हणजे वाया गेलेला वेळ, हे समीकरण घरोघरी पक्के झाले आहे. पण गेम जॅममध्ये खेळत बसायचे नसते, खेळ तयार करायचा असतो. तोही ठरलेल्या मुदतीत, बहुधा ४८ तासांत आणि ऐनवेळी मिळालेल्या विषयावर.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद आणि फरिदाबाद या पट्ट्यात इंजिनीअरिंग व डिझाइनची महाविद्यालये दाटीवाटीने आहेत. त्यामुळे इथल्या घरांत हा शब्द आता अधूनमधून ऐकू येतो. उत्साहाने नाव नोंदवणाऱ्या नवख्या मुलामुलींपैकी अनेकांचा पहिला खेळ मात्र अपुराच राहतो. रविवारी संध्याकाळी हातात दाखवण्याजोगे काही नसते. मग ‘हे आपले काम नव्हे’ असे मनाशी ठरवून ती कायमची बाजूला होतात. खरे तर त्यांच्याकडे बुद्धी कमी नसते. अंथरूण पाहून पाय पसरायची सवय तेवढी कमी पडते आणि ही सवय लावून घेता येते.

जॅम म्हणजे काय?

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी पूर्वतयारीशिवाय एकत्र बसून सुचेल ते वाजवत जायचे, याला पाश्चात्त्य संगीतात ‘जॅम’ म्हणतात. तोच शब्द खेळ बनवणाऱ्यांनी उचलला. २००२च्या मार्चमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे काही प्रोग्रामर मंडळी ‘इंडी गेम जॅम’साठी एकत्र जमली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘लुडम डेअर’ ही इंटरनेटवरची स्पर्धा सुरू झाली. तिच्या एका प्रकारात एकट्याने ४८ तासांत खेळ पूर्ण करायचा असे.

२००९च्या जानेवारीअखेर ‘ग्लोबल गेम जॅम’ सुरू झाला. पहिल्याच वर्षी २३ देशांतील ५३ ठिकाणी सोळाशेहून अधिक लोक त्यात बसले. तेव्हापासून तो दर वर्षी जानेवारीच्या सुमारास होतो. अलीकडे त्याचा कालावधी आठवडाभराचा झाला असून प्रत्येक केंद्र त्यातले आपल्या सोयीचे दिवस निवडते. विशेष म्हणजे ही स्पर्धा नाही. इथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो, म्हणून नवख्यांना तो अधिक मानवतो.

भारतात नॅसकॉमच्या गेमिंग फोरमने ‘बिल्ड युवर ओन गेम’ या नावाचा जॅम अनेक वर्षे घेतला. आता महाविद्यालयांच्या तांत्रिक महोत्सवांतही असे उपक्रम होतात. ज्यांना घराबाहेर जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी इंटरनेटवर बाराही महिने जॅम चालू असतात. ‘इच डॉट आयओ’ या संकेतस्थळावर त्यांचे वेळापत्रकच पाहायला मिळते. तिथलाच ‘जीएमटीके गेम जॅम’ २०१७पासून दर वर्षी साधारण जून ते ऑगस्टदरम्यान होतो आणि त्यात हजारो खेळ येतात.

पैशांचा खेळ नव्हे

पालकांच्या मनातली एक भीती इथेच दूर केलेली बरी. ऑनलाइन खेळांत पैसे लावून घरे बुडाल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, तर ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या सामाजिक व शैक्षणिक खेळांना उत्तेजन देण्याची तरतूद आहे. गेम जॅमचा पैजेशी काही संबंध नाही. तो हॅकेथॉनचा भाऊ आहे. केंद्र सरकारने २०१७मध्ये ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ सुरू केली, तेव्हा विद्यार्थी सलग ३६ तास बसून सरकारी खात्यांच्या अडचणींवर उपाय शोधत होते. गेम जॅममध्ये उपायाच्या जागी खेळ असतो, एवढाच फरक.

बहुतेक जॅम विनामूल्य असतात. काही ठिकाणी जागेचा व जेवणाचा खर्च म्हणून प्रवेशशुल्क घेतात. पण कोणी ‘नोकरीची हमी’ किंवा ‘खात्रीचे बक्षीस’ सांगून मोठी रक्कम मागत असेल, तर दोन हात दूर राहावे. आयोजक कोण आहेत, पूर्वीच्या वर्षी तयार झालेले खेळ कुठे पाहायला मिळतात आणि तयार केलेल्या खेळावर हक्क कोणाचा राहणार, हे तीन प्रश्न नाव नोंदवण्यापूर्वी विचारावेत. चांगल्या जॅममध्ये खेळाचा हक्क बनवणाऱ्याकडेच राहतो.

आधीच्या पंधरवड्यातील तयारी

पोहणे शिकण्यासाठी कोणी थेट यमुनेच्या पुरात उडी घेत नाही. तसेच जॅमच्या दिवशी नवे सॉफ्टवेअर शिकायला घेऊ नये. खेळ बनवण्याची साधने अनेक आहेत. शाळकरी मुलांसाठी ‘स्क्रॅच’ चांगले. त्यात रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम तयार होतो. त्यापुढच्यांसाठी ‘गोडो’ आहे. ते पूर्णपणे मोफत असून साधे, सपाट चित्रांचे खेळ बनवायला फार महागडा संगणक लागत नाही. ‘युनिटी’चा वापरही पुष्कळ होतो. कोणते साधन श्रेष्ठ, या वादात न पडता मित्रमैत्रिणींपैकी कोणाला जे येते, ते घ्यावे. अडल्यावर विचारायला माणूस जवळ असतो.

त्या साधनात जॅमपूर्वी एक अगदी छोटा खेळ संपूर्ण तयार करावा. चेंडू फळीवर आपटतो, गुण वाढतात, चेंडू खाली पडला की खेळ संपतो, एवढाही पुरे. पण त्याला सुरुवातीचा पडदा हवा, शेवट हवा आणि तो दुसऱ्याच्या संगणकावर चालायला हवा. हा शेवटचा टप्पाच नवख्यांना ठाऊक नसतो आणि रविवारी तोच घात करतो.

चित्रांसाठी ‘क्रिटा’, आवाज कापण्यासाठी ‘ऑडॅसिटी’ ही मोफत साधने आधीच उतरवून घ्यावीत. उडी, टक्कर, नाणे मिळाल्याचा टिंग असा आवाज करण्यासाठी ‘एसएफएक्सआर’ नावाचे चिमुकले साधन आहे. टोमास पेटरसन यांनी ते २००७मध्ये लुडम डेअरमध्ये भाग घेणाऱ्यांसाठीच तयार केले होते. बटणे दाबत गेले की आवाज तयार होतात, संगीत येण्याची गरज नसते.

खेळात मराठी किंवा हिंदी मजकूर दाखवायचा असेल, तर तो त्या साधनात नीट उमटतो का, हे आधीच तपासावे. काही ठिकाणी जोडाक्षरे तुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. अशा वेळी मजकूर चित्र म्हणून तयार करून वापरणे, हा सोपा उपाय आहे.

पिशवीत लॅपटॉप, चार्जर, माऊस, इअरफोन, पेन ड्राइव्ह, कोरी वही आणि एक एक्स्टेंशन बोर्ड असावा. वीस जणांत विजेची दोनच भोके असली की या बोर्डाचे मोल कळते.

गटात कोण असावे?

नवख्याने एकट्याने बसण्यापेक्षा तिघाचौघांचा गट करावा. त्याहून मोठा गट सांभाळण्यातच वेळ जातो. दिल्लीतील मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात हौशी मंडळी नाटक बसवतात. तेव्हा कोणी संवाद पाठ करतो, कोणी पडदा ओढतो, कोणी पेटी वाजवतो. खेळाचेही तसेच आहे. प्रोग्रामिंग येणारा एकजण हवाच, पण चित्र काढणारी, गोष्ट रचणारा, तबला किंवा गिटार वाजवणारी आणि हिशेबी स्वभावाचा, वेळेकडे लक्ष ठेवणारा असा माणूसही तितकाच लागतो. ‘मला कोडिंग येत नाही, मी काय करू’ असे म्हणून मागे राहणाऱ्या मुलींनी हे ध्यानात ठेवावे. ग्लोबल गेम जॅममध्ये तर कागद-पुठ्ठ्याचा, सोंगट्या-फाशांचा खेळही चालतो. ज्या घरात सारीपाट, सागरगोटे किंवा काचापाणी खेळलेली आजी आहे, त्या घरात खेळाचे नियम जाणणारी व्यक्ती आधीच हजर आहे.

काम सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे बसून प्रत्येकाने तीन गोष्टी सांगाव्यात. आपल्याला काय येते, या वेळी काय शिकायचे आहे आणि आपण घरी कधी जाणार. एकाला बक्षीस हवे असते, दुसऱ्याला नुसती गंमत हवी असते, तिसऱ्याला रविवारी दुपारी मावसबहिणीच्या साखरपुड्याला जायचे असते. हे आधी कळले तर भांडणे होत नाहीत. मत फुटले तर शेवटचा शब्द कोणाचा, हेही तेव्हाच ठरवावे.

विषय जाहीर झाल्यावर

विषय बहुधा मुद्दाम मोघम असतो. ग्लोबल गेम जॅमचा २०१७चा विषय ‘लाटा’ होता, २०२०चा ‘दुरुस्ती’ आणि २०२३चा ‘मुळे’. विषय ऐकताच जी पहिली कल्पना सुचते, ती बहुधा सभागृहातल्या निम्म्या लोकांना सुचलेली असते. म्हणून वहीत दहाबारा कल्पना लिहाव्यात आणि मगच निवड करावी. या कामाला एक तास पुरेसा आहे.

‘दुरुस्ती’ हाच विषय घेऊन पाहू. समजा, दिल्लीतील तिघांच्या गटाला नेहरू प्लेसमधील मोबाईल दुरुस्तीचे दुकान सुचले. कल्पना छान आहे, ओळखीची आहे. मग एकजण म्हणतो, गिऱ्हाइके घासाघीस करतील. दुसरी म्हणते, वीस प्रकारचे फोन असतील. तिसरा म्हणतो, सुटे भाग आणायला खेळाडू बाजारात हिंडेल, त्याचा नकाशा करू. वर पावसाळ्यात पाणी शिरले की दुकान वाचवायचे! रात्री अकरापर्यंत हा खेळ सहा महिन्यांचा झालेला असतो.

आता जरा हिशेब करावा. ४८ तासांतून दोन रात्रींच्या झोपेचे १४ तास गेले. जेवणखाण, अंघोळ आणि जाण्यायेण्याचे ८ तास गेले. विषयावर विचार करायला, चुका शोधायला आणि शेवटी खेळ सादर करायला मिळून ६ तास लागतात. उरले २० तास. त्यातही नवख्याचा बराच वेळ ‘हे चालत का नाही’ यात जातो. म्हणजे नवे काही बनवायला हाती दहाबारा तासच असतात. खेळाचे माप या दहाबारा तासांवर बेतायला हवे.

मग नेहरू प्लेसचे काय उरते? एक टेबल, एक फोन, तीन स्क्रू आणि तीस सेकंद. माऊसने स्क्रू फिरवायचा. जास्त फिरवला तर काच तडकते, कमी फिरवला तर झाकण उघडत नाही. फोन दुरुस्त झाला की पुढचा येतो, त्याला एक स्क्रू जास्त. बस्स. घासाघीस नाही, नकाशा नाही, पाऊस नाही. पण ‘अजून थोडा फिरवू की थांबू’ ही धाकधूक आहे आणि खेळाचा जीव तिथेच असतो. कोणतीही कल्पना अशी तपासता येते. खेळाडूचा हात दर दोन सेकंदांनी नेमके काय करतो, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल, तर ती कल्पना गोष्ट असेल, चित्रपट असेल, पण अजून खेळ झालेला नाही.

जे वगळले, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. त्याने मनाला चुटपुट लागत नाही आणि पुढे कधी तो खेळ वाढवायचा झाला तर उपयोगी पडते.

दोन दिवसांचे वेळापत्रक

जॅम शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो असे धरले, तर शुक्रवारची रात्र कल्पना ठरवण्यासाठी आणि कामे वाटून घेण्यासाठी वापरावी व वेळेवर झोपावे. शनिवारी दुपारच्या जेवणापर्यंत खेळाचे कच्चे रूप चालू स्थितीत हवे. फोनच्या जागी चौकोन आणि स्क्रूच्या जागी ठिपका असला तरी हरकत नाही. चित्रे सुंदर झाली पण खेळ हलत नाही, अशी अवस्था नवख्यांच्या गटात फार दिसते. घर बांधताना आधी पाया घालतात, पडद्यांचे कापड नंतर निवडतात.

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या गटातील कोणाला तरी खेळ खेळायला द्यावा आणि स्वतः गप्प बसावे. ही सर्वांत अवघड गोष्ट आहे. ‘अरे, ते बटण दाब ना’ असे सांगण्याचा मोह आवरावा. खेळणारा जिथे अडतो, तिथे खेळात काही कमी आहे असे समजावे. बहुधा कोणते बटण दाबायचे हे पडद्यावर लिहिलेलेच नसते किंवा खेळ फार कठीण झालेला असतो. बनवणाऱ्याने तो शंभरदा खेळलेला असतो, म्हणून त्याला तो सोपा वाटतो.

रविवारी सकाळी चित्रे, आवाज आणि सुरुवातीचा पडदा यांवर हात फिरवावा. मुदतीच्या चार तास आधी मात्र नवे काही घालणे बंद करावे. या चार तासांत फक्त चुका दुरुस्त करायच्या आणि खेळ सादर करायचा. शक्य असेल तर खेळ ब्राउझरमध्येच चालेल असा करावा. अनोळखी माणसाची फाइल आपल्या संगणकावर उतरवायला लोक कचरतात, दुव्यावर टिचकी मारून खेळायला मात्र तयार होतात. सादर केलेला खेळ दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय काम झाले असे मानू नये. शेवटच्या क्षणी सगळे एकदम खेळ चढवू लागतात, इंटरनेट मंदावते आणि दोन दिवसांचे श्रम दोन मिनिटांच्या उशिराने वाया जातात.

दर दोनतीन तासांनी कामाची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवावी आणि तिला क्रमांक द्यावा. ‘गिट’ वापरता येत असेल तर उत्तमच.

झोप, जेवण आणि घरी परतणे

रात्रभर जागणे म्हणजे मेहनत, हा गैरसमज आहे. पहाटे चारला लिहिलेल्या दहा ओळींतील चुका शोधण्यात सकाळचे दोन तास जातात. सहा-सात तासांची झोप हा कामाचाच भाग मानावा. नुसत्या चिप्स आणि थंड पेयांवर दोन दिवस काढू नयेत. घरून थेपले, पराठे, गुळाची पोळी, भाजलेले शेंगदाणे, संत्री असे हाताला न चिकटणारे पदार्थ द्यावेत, तेही चौघांना पुरतील इतके. डब्याभोवती गट जितका लवकर जमतो, तितका तो एरवी जमत नाही.

दिल्लीच्या जानेवारीत थंडी आणि धुके असते. मोठ्या सभागृहात रात्री कुडकुडायला होते, म्हणून शाल आणि मोजे सोबत असावेत. मेट्रोच्या शेवटच्या गाड्या रात्री अकराच्या सुमारास सुटतात. द्वारकेहून नोएडाला किंवा रोहिणीहून गुरुग्रामला गेलेल्याने परतीची वेळ घड्याळ पाहून आधीच ठरवावी. मुलगी असो वा मुलगा, रात्री कुठे थांबणार, तिथे झोपण्याची व स्वच्छतागृहाची वेगळी सोय आहे का, जबाबदार व्यक्ती कोण आणि तिचा फोन नंबर काय, हे पालकांनी विचारणे यात अविश्वास नाही. अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश आहे का, सोबत पालक लागतात का, हे प्रत्येक केंद्राचे नियम पाहून ठरवावे. केंद्रावर रात्री थांबण्याची सक्ती नसेल तर दिवसा तिथे काम करावे आणि रात्री घरी यावे. ‘मुलगी आहे म्हणून जायचे नाही’ असे म्हणण्यापेक्षा ही वाट केव्हाही चांगली.

दहावी-बारावीच्या मुलांनी मात्र कॅलेंडर पाहावे. सीबीएसईच्या प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारीत सुरू होतात आणि लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यावर. त्या वर्षी जानेवारीचा जॅम सोडून परीक्षेनंतरच्या सुट्टीतला एखादा इंटरनेटवरचा जॅम निवडावा. जॅम पुन्हा येतात.

दुसऱ्याचे ते दुसऱ्याचे

इंटरनेटवर दिसलेले चित्र किंवा चित्रपटातले गाणे उचलून खेळात घालू नये. फुकट आणि कायदेशीर वापरता येतील अशी चित्रे व आवाज भरपूर मिळतात. ‘केनी’ या संकेतस्थळावरील चित्रसंच तर कोणत्याही अटीशिवाय वापरता येतात. तरीही ज्याचे काही घेतले, त्याचे नाव खेळाच्या शेवटी द्यावे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र किंवा प्रोग्राम करून घेण्याबाबत प्रत्येक जॅमचे नियम वेगळे असतात. ते वाचावेत आणि वापर केला असेल तर उघडपणे सांगावे. शिवाय नवख्याने एक विचार करावा. दोन दिवस आपण शिकण्यासाठी बसलो आहोत. सगळेच यंत्राकडून करून घेतले, तर शिकणार कोण?

सोमवारी काय?

जॅममधून निघालेल्या काही खेळांनी जगभर नाव मिळवले आहे. ‘सर्जन सिम्युलेटर’ २०१३च्या ग्लोबल गेम जॅममध्ये ४८ तासांत जन्मला. ‘सेलेस्ट’चे पहिले रूप २०१५मध्ये चार दिवसांत तयार झाले होते. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा ‘बाबा इज यू’ २०१७च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये पहिला आला. ही नावे ऐकून हुरळून जाऊ नये. ही माणसे आधीपासून खेळ बनवणारी होती. शिवाय ‘सेलेस्ट’ पूर्ण रूपात २०१८मध्ये आला आणि ‘बाबा इज यू’ २०१९मध्ये, म्हणजे जॅमनंतर दोन-अडीच वर्षे काम करून. पण सुरुवात त्यांचीही लहान खेळानेच झाली, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

नवख्याच्या पहिल्या खेळाला कदाचित पाचच जण खेळतील. एखादा फटकळपणे लिहील, ‘कंटाळवाणा आहे.’ त्यावर वाद घालू नये. तीन लोकांनी एकच तक्रार केली, तर ती खरी मानावी. मग इतरांचे दहा खेळ खेळून त्यांना दोन ओळींचा नीट अभिप्राय द्यावा. तेही परत येऊन खेळतात, ओळखी होतात आणि पुढच्या जॅमचा गट बहुधा तिथेच जमतो. खेळाचे नाव, एक चित्र आणि आपण त्यात नेमके कोणते काम केले याची चार वाक्ये जपून ठेवावीत. पुढे डिझाइन किंवा संगणकाच्या अभ्यासक्रमाला, उमेदवारीला किंवा नोकरीला जाताना ‘मला आवड आहे’ या वाक्यापेक्षा हा चालणारा खेळ अधिक बोलतो.

या क्षेत्राकडे आता सरकारचेही लक्ष आहे. २०२२च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स यांच्यासाठी कृतिदल नेमण्याची घोषणा झाली. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने बनवलेला ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ २०२०मध्ये जगभर पोहोचला. तरीही एका जॅमवरून करिअर ठरवू नये. शिक्षण चालू ठेवून वर्षातून दोनतीन जॅम करावेत. आवड खरी की नवलाईची, ते दोन वर्षांत आपोआप कळते.

पालकांची भूमिकाही इथे मोठी आहे. रविवारी रात्री तारवटलेल्या डोळ्यांनी घरी आलेल्या मुलाला ‘कितवा नंबर आला?’ असे विचारू नये. ‘दाखव तरी काय बनवलेस’ असे म्हणावे आणि पाच मिनिटे तो खेळ खेळून पाहावा. स्क्रू जास्त फिरून काच तडकली तर हसावे, पुन्हा खेळावे. आजवर दुसऱ्यांनी बनवलेल्या खेळांत तासन्‌तास रमणाऱ्या मुलाने स्वतः काही तयार केले आहे. ते लहान असेल, ओबडधोबड असेल, पण पूर्ण आहे. घेतलेले काम मुदतीत पूर्ण करण्याची ही गोडी एकदा लागली, की पुढे तो खेळ बनवो वा आणखी काही, ती त्याला आयुष्यभर पुरते.